दुःख ताजं असताना शिबिराला जावं का?
ताई, यजमान जाऊन तीनच महिने झालेत, चर्चच्या आघात-उपचार शिबिराला आत्ताच जावं का, असं तुम्ही विचारलंत. आई गेल्यावर मी गेले होते. बायबलवर आधारलेल्या त्या वर्गात शोकाची वाट तीन गावांतून नेतात: राग आणि नकार, निराशा, मग नवी सुरुवात. मधलं गाव टाळणारा एक 'खोटा पूल'ही असतो. ते ऐकून मी हललेच, कारण "देवाची इच्छा, रडू नकोस" म्हणत सगळे मला त्याच पुलावर ढकलत होते. मग स्तोत्र 13 वाचून स्वतःचा विलाप लिहायचा होता. स्तोत्रकर्ता देवालाच "कुठवर?" विचारतो. मीही विचारलं, आणि पहिल्यांदा मोकळेपणी रडले. जा तुम्ही. बोलावंसं वाटलं नाही तर नुसतं बसा. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल तर डॉक्टरांनाही भेटा.