'जा जा रे'मधला ज कुठला?

तंबोरा: भीमपलास रागातली 'जा जा रे अपने मंदिरवा' ही बंदिश इथल्या बहुतेकांच्या वहीत असेल. आमच्या क्लासात ती 'जातो-येतो'मधल्या ज ने गातात. परवा एका घरगुती बैठकीनंतर लखनौच्या एक मावशी म्हणाल्या, "सूर छान, पण हा ज कुठून आणलास?" त्यांना 'जीव'मधला ज हवा होता. आमच्या बाई म्हणतात, महाराष्ट्रात सगळे असंच गातात. नक्की काय?

खर्ज: मावशी बरोबर. दंततालव्य, म्हणजे 'जातो'मधल्या ज सारखे च, ज, झ हिंदीत नाहीत, बंदिशींच्या ब्रज भाषेतही नाहीत. आपल्याला दोन्ही येतात, 'जग' आणि 'जीभ' म्हणून बघा. पण वहीत अक्षर एकच, मग जीभ घरच्या सवयीनं वळते. मला मात्र ऐ-औ जास्त खटकतात. 'बैरन'चं 'बइरन', 'कौन'चं 'कउन'. तिकडे तो एकच उघडा स्वर आहे, 'बॅ'च्या जवळचा. विलंबित, म्हणजे संथ लयीत हवा तितका लांबवा. आपला गायक 'बइ' म्हणतो आणि आलाप नेऊन इ वर बसवतो. आवाज चिमटलाच म्हणून समजा.

ओसरी: मग 'सैंया'ही तसाच गाणार का? पुढे य आला की हिंदीवालेसुद्धा 'सइंया', 'भइया'च म्हणतात. आमच्याकडे एक हौशी गृहस्थ 'सॅंया सॅंया' करत ठुमरी गातात. अतिशुद्धीचा प्रताप.

खर्ज: तो अपवाद झाला. अपवाद दाखवून नियम मोडत नाही.

ओसरी: कसला नियम? ख्यालात ब्रज, राजस्थानी, टप्प्यात पंजाबी. 'मंदिरवा'तला तो 'वा' तर पूरबी, म्हणजे पूर्वेकडच्या हिंदी बोलींच्या वळणाचा. कुठल्या गावचा उच्चार प्रमाण धरायचा? भीमसेनजी (जोशी), कुमारजी (गंधर्व) दोघेही कन्नड घरातले. त्यांचे कोणी उच्चाराचे मार्क कापले?

पायपेटी: उच्चाराचं सोडा, अर्थ तरी कोण बघतं? यमनची 'एरी आली पिया बिन' शिकताना मी बरेच दिवस कोणीतरी आली असंच धरून चालले होते! आली म्हणजे सखी, हे फार उशिरा कळलं. आणि 'मंदिर' म्हणजे तिथे घर. मुलं देऊळ समजून हात जोडल्यासारखी गातात.

ओसरी: संस्कृतातला 'आलि'च तो.

मुसीकाठ: हैदराबादेहून लिहितो. तेलुगूत च-ज चे आपल्यासारखेच दोन-दोन उच्चार आहेत. कर्नाटक संगीतातले रचनाकार त्यागराज, त्यांच्या 'चाल कल्ललाडु'मधला 'चाल' (म्हणजे पुष्कळ) अगदी आपल्या 'चालणे'मधल्या च चा. मराठी माणूस न शिकवता बरोबर म्हणतो. तमिळ गायक तिथे तालव्य, म्हणजे 'चिमणी'तला च लावतात आणि इकडची मंडळी नाकं मुरडतात. पण तमिळ लिपीत क, ख, ग, घ ला एकच अक्षर! म्हणून कृतींच्या (तिकडच्या बंदिशींच्या) पुस्तकांत त्या अक्षराला 2, 3, 4 असे बारीक आकडे जोडतात.

खर्ज: हे झकास. आपल्या वहीतही ज खाली खूण करायला काय हरकत आहे?

ओसरी: उर्दू शब्दांसारखा अक्षराखाली टिंब, म्हणजे नुक्ता द्या म्हणजे झालं. 'नजरिया'त उर्दूचा ज़ घोळवून गाणारे आधीच कमी आहेत का? ब्रजातली गवळण नुक्ता लावून बोलत होती की काय!

पायपेटी: गायक अब्दुल करीम खाँसाहेब मूळ उत्तर प्रदेशातल्या कैरानाचे, मिरजेत राहिले. त्यांनी मराठीत 'उगिच का कांता' गायलं आणि तेलुगूत त्यागराजांची 'राम नी समानमेवरु'. दोन्हींच्या रेकॉर्ड आहेत.

मुसीकाठ: ती तेलुगू रेकॉर्ड माझ्या सासूबाईंना ऐकवली. म्हणाल्या, राग खरहरप्रिया आहे, भाषा कुठली?

तंबोरा: आणि 'उगिच'मधला च त्यांनी कुठला लावलाय?

खर्ज: तालव्य असणार, जीभ उत्तरेची.

ओसरी: असणार म्हणजे? ऐकलंत का?

खर्ज: ऐकलंय. जुन्या रेकॉर्डच्या त्या खरखरीतून च ओळखणारा कान मला दाखवा, मग बोलू.