‘बडीशेप’मधली ‘बडी’ कुणाहून मोठी?

जाऊबाई बाळंत झाल्या तेव्हा सासूबाईंनी मला मंगळवार पेठेतून शेपा आणायला सांगितल्या. दुकानदाराने पाव किलो बडीशेप बांधून दिली, मीही घेऊन आले. पुडी सोडताच त्या म्हणाल्या, “अगं, ही बडी. मला बाळंतशेपा हव्यात.” दुसऱ्या दिवशी दोन्ही ताटलीत शेजारी ओतून पाहिल्या. बाळंतशेपा म्हणजे शेपूचं बी: चपटं, तपकिरी, कडेला फिकट किनार, चवीला उग्र. बडीशेप लांबट, हिरवट, अंगावर उभ्या रेघा, चावली की गोड. शेपेहून मोठी म्हणून बडीशेप, हे तेव्हा उमगलं. पण मग ‘मोठी शेप’ का नाही?

— ‘बडी’ हिंदीच्या वळणाचं, पण बडेजाव, बडी मंडळी यांतून मराठीत मुरलेलं आहे. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, घरी तेलुगू. आजी ‘सोंपु’ म्हणते, आईच्या माहेरी मात्र ‘पेद्द जीलकर्र’, म्हणजे मोठं जिरं. मोठेपणा तोच, तुलना जिऱ्याशी! मग खरं कोण?

दोघंही खरे. शेपू, जिरं, धणे, ओवा, बडीशेप, गाजरसुद्धा, सगळी एकाच कुळातली. मराठी माणसाला बी पाहून शेपू आठवला, तेलुगू माणसाला जिरं. मला हे फार आवडलं.

— स्वयंपाकात वापरता की फक्त जेवणानंतर?

गुळाच्या गुलगुल्यांत अख्खी, कैरीच्या लोणच्यात भरड, काळ्या मसाल्यात भाजून. भाजताना मात्र सगळ्यात शेवटी, मंद आचेवर. हिरवा रंग जरा सोनेरी झाला की लगेच ताटात काढायची. करपली की अख्खा मसाला कडवट.

— कॅल्शियम भरपूर असतं ना?

१०० ग्रॅममध्ये सुमारे १,२०० मिलिग्रॅम, आणि तंतू ४० ग्रॅमच्या आसपास. पण छोटा चमचा म्हणजे जेमतेम २ ग्रॅम, त्यात कॅल्शियम २४ मिलिग्रॅम. तेवढ्यासाठी खाऊ नये. तो गोडसर वास तिच्या तेलातल्या अ‍ॅनेथोल या सुगंधी घटकाचा, आणि जेवणानंतर तोंडाला बरं वाटतं ते त्यानेच.

— आणि दुकानात नेमकं काय मागायचं?

नुसतं ‘शेपा’ म्हणू नका, ‘बाळंतशेपा’ असं पूर्ण नाव घ्या. आणि पुडी बांधायच्या आधी दोन दाणे चावून बघा.