मदत हवी आहे: दाजींशी राजकारण बोलायचं कसं?

मंडळी, रविवारी आमच्याकडे तांबडा-पांढरा असतो, जेवायला बहीण-दाजी येतात. २०२२ ला शिवसेना फुटली, २०२३ ला राष्ट्रवादी. तेव्हापासून आमच्या घरातही दोन गट.

परवा आरक्षणाचा विषय निघाला. मी म्हटलं, आपल्या शाहू महाराजांनी १९०२ सालीच निम्म्या जागा राखीव ठेवल्या. दाजी म्हणाले, "तो काळ वेगळा होता." झालं! आवाज चढले, दाजींनी वाटी तशीच सरकवली, रस्स्यावर तवंग गोठला. बहीण रडकुंडीला. (चूक माझीही. "तुम्हाला काय कळतंय" असं बोलून गेलो.)

विषयच काढू नको, असं आई म्हणते. मला ते पटत नाही. माणूस वाचणारा आहे. आधी त्यांचंच म्हणणं नीट मांडून दाखवायचं, मग आपलं, असं कुणी करून बघितलंय का? रविवारी परत यायचेत.