रिव्हॉल्व्हरच्या लोडमध्ये (स्वतः भरलेल्या काडतुसात) प्रायमर बदलून ग्रुप खरंच लहान होतो का?

सातारकर_फिनिक्स: परवा एकाने ठणकावून लिहिलं, "प्रायमर बदला, .३८ स्पेशलचा ग्रुप निम्म्यावर येईल." प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडातली ठिणगी पाडणारी टिकली, ग्रुप म्हणजे निशाण्यावर गोळ्यांचा पसारा. डोकं फिरलं वाचून. हातात धरून मारलेल्या पाच गोळ्यांवर असली विधानं? रिव्हॉल्व्हरला बहुधा सहा चेंबर असतात आणि सगळी सारखी नसतात. चेंबरचा थ्रोट, म्हणजे गोळी बाहेर पडते ते पुढचं तोंड, अरुंद असला की शिशाची गोळी तिथेच आवळली जाते, मग बॅरलमध्ये सैल पडते, बाजूने गॅस निसटतो आणि शिसं चिकटत जातं. आधी थ्रोट मोजा.

ह्यूस्टनचा_नागपुरी: ते मीच लिहिलं, आणि ठणकावूनच. .३८ स्पेशलची केस (काडतुसाचं पितळी कवच) जुन्या, जास्त जागा खाणाऱ्या काळ्या पावडरच्या मापाची. आजची पावडर तिच्या तळाशी चिमूटभर. नळी खाली झुकवून नेम धरला तर पावडर गोळीपाशी, आभाळाकडे करून धरला तर प्रायमरपाशी. क्रोनोग्राफ लावून गोळीचा वेग मोजा, बदलतो. एवढ्या पोकळ केसमध्ये ठिणगी कशी पडते याला महत्त्व नाही?

सातारकर_फिनिक्स: वेग बदलतो, मान्य. पण २५ यार्डांवर सेकंदाला ७५० फुटांऐवजी ८०० झाले तर गोळीच्या पडण्यात फरक जेमतेम पाव इंच. तुमचा हात त्याहून जास्त हलतो.

ह्यूस्टनचा_नागपुरी: ५० यार्डांवर तोच फरक जवळजवळ इंचभर होतो. बुल्सआय स्पर्धावाले ५० वरूनही मारतात, साहेब.

मिनेसोटाकर: अहो, आधी गोळी उडू तर दे! डबल अ‍ॅक्शन (एकाच ओढीत हॅमर उचलून पाडणारा ट्रिगर) हलकी करून घेतली, गनस्मिथने हॅमरला जोर देणारी मेनस्प्रिंग पार मऊ करून ठेवली. ऐन सामन्यात नुसतं टिक. वर मलाच म्हणतो, फेडरलचे प्रायमर वापरा, त्यांचा कप, म्हणजे धातूची वाटी, मऊ असतो. प्रायमरच्या टंचाईत ते मिळत होते का कुठे?

सातारकर_फिनिक्स: स्प्रिंगच्या नावाने ओरडण्याआधी प्रायमर पूर्ण बसलाय का बघा. केसच्या बुडावर बोट फिरवा, उंचवटा लागता कामा नये. वर राहिलेला प्रायमर पहिल्या ठोक्याला नुसता आत सरकतो, उडतो दुसऱ्याला.

मिनेसोटाकर: मला बोट फिरवायला शिकवू नका. दुसऱ्या ठोक्यालाही उडाल्या नाहीत त्या! प्रत्येक गोष्टीत समोरच्याचीच चूक काढायची सवय आहे तुम्हाला.

कर्वेरोड: मी इथे पुण्यात सेंटर फायर पिस्तूल प्रकारात मारते. कारखान्यातून आलेला .३२ वॉडकटरचा (सपाट तोंडाच्या गोळ्यांचा) जो डबा हातात पडेल तो घेऊन रेंजवर उभी राहते. प्रायमर निवडायची चैन तुम्हाला आहे, तर निदान भांडू नका.

ह्यूस्टनचा_नागपुरी: बरं, "निम्म्यावर" सोडतो. रेस्टवर, म्हणजे आधारावर टेकवून, मारून दाखवल्याशिवाय पुन्हा म्हणणार नाही. पण .३५७ मॅग्नममध्ये एच-११० ही पावडर भरून साधा प्रायमर लावून नीट पेटवून दाखवा, विशेषतः थंडीत!

सातारकर_फिनिक्स: तिथे जास्त जोराच्या ठिणगीचा मॅग्नम प्रायमरच हवा, कोण नाही म्हणतंय? पण इतर पावडरींच्या कमाल लोडवर तोच उचलून लावू नका, दाब वाढतो. पावडर कमी करून पुन्हा थोडी थोडी वर चढा. आणि थ्रोट मोजलेत का, ते अजून सांगितलं नाहीत.