आईसाठी मे महिन्यात मोडीचे वर्ग, पुणे: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आई (वय ६८, निवृत्त शिक्षिका) मे महिन्यात माझ्याकडे सदाशिव पेठेत राहायला येतेय. संध्याकाळचा प्रश्न नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेला ती एका पायावर तयार आहे. पण सकाळी काय? तिला मोडी शिकायचीय, आजोबांच्या ट्रंकेतले जमिनीचे कागद स्वतः वाचायचेत. भारत इतिहास संशोधक मंडळाचे मोडी वर्ग कुणी केलेत का? अगदी नवख्याला झेपतात? आधी अक्षरं गिरवून घेतात की थेट जुनी कागदपत्रंच पुढ्यात टाकतात? जिने किती चढायचे तेही सांगा, गुडघे कुरकुरतात तिचे. ऑनलाइन नको, ती पेंगते. आणि हास्यक्लब तर सुचवूच नका, चिडेल!