होडी तीन दिवस विजयदुर्गला थांबणार, काय काय बघू?

कोथरूडकरीण:
नमस्कार मंडळी, डिसेंबरअखेर मावसभावाच्या शिडाच्या बोटीतून मुंबई ते गोवा निघालोय, चौघं जण. माझा पाण्याशी संबंध म्हणजे खडकवासल्याला भाजलेलं कणीस, त्यामुळे हसू नका. बोट विजयदुर्गला तीन दिवस नांगर टाकून राहणार, भाऊ आणि त्याचा मित्र शिडाची कामं उरकणार, आम्ही दोघी मोकळ्या. प्लॅन असा की पहिल्या दिवशी रत्नागिरी (थिबा पॅलेस, टिळकांचं घर, रत्नदुर्ग), दुसऱ्या दिवशी मालवण-सिंधुदुर्ग, तिसऱ्या दिवशी जमलं तर वेंगुर्ल्याची डच वखार. गाडी करू. विजयदुर्ग तासाभरात होतो ना?

शिडवाला:
ताई, तासाभरात नाही होत!! आणि एवढी गाडी कशाला, बोटीतून उतरल्यावर पहिला दिवस जमीनच हलत असते, मी देवगडच्या स्टँडवर चहाचा ग्लास धरून खांबाला टेकून उभा होतो, लोकांना वाटलं सकाळी सकाळीच घेऊन आलाय. त्यात घाटवळणाचा रस्ता. वेंगुर्ला आणि रत्नागिरी दोन्ही कापा, फार तर मालवण ठेवा.
विजयदुर्गची तटबंदी तिहेरी आहे, आतून फिरून झाली की भावाला सांगून डिंगी (बोटीबरोबरची छोटी होडी) घ्या आणि समुद्राच्या बाजूने बघा. जमिनीवरून येणाऱ्याला तो किल्ला नुसता गड वाटतो, पाण्यातून बघितला की त्याचा दरारा कळतो. आणि वाघोटन खाडीत आत गिर्येजवळ मराठ्यांची गोदी आहे, खडक फोडून केलेली, तिथे आरमाराची जहाजं दुरुस्तीला यायची. म्हणजे तुमचा भाऊ ज्या खाडीत शीड शिवणार तिथेच गुराबा आणि गलबतं ही आरमाराची जहाजं दुरुस्त व्हायची, हे बघायचं सोडून वखार काय बघताय. फक्त भरतीला जा, ओहोटीला गुडघाभर चिखल. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या, थोडं इकडेतिकडे.

हापूसवाला_सदाशिवपेठ:
किल्ल्यावर साहेबाचे ओटे नक्की बघा, तिथेच हेलियमचा शोध लागला!

पेठी_शंका:
थांबा थांबा. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणासाठी ओटे बांधले हे खरं, पण त्या ग्रहणात सूर्याच्या वर्णपटातली पिवळी रेषा, म्हणजे हेलियमची खूण, टिपणारा फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता, आणि इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियरने ती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून पाहिली. ओटे बघा, पण फोटोखाली भलतं लिहू नका.
दुसरं म्हणजे आपण पुणेकरांनी तिथे जरा मान खाली घालूनच फिरावं. तुळाजी आंग्रेंशी वाकडं आलं म्हणून नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरलं आणि 1756 मध्ये वॉटसन-क्लाइव्हच्या मोहिमेत याच बंदरात आंग्रेंचं आरमार जळून खाक झालं. किल्ला नंतर पेशव्यांना मिळाला, पण तुळाजी कैदेतच मेले.

शिडवाला:
तरी पुढे पेशव्यांच्या आरमाराचे आनंदराव धुळप विजयदुर्गवरूनच कारभार बघायचे, तेही सांगा की राव. त्यांचा वाडा गावात आहे. गिर्येचं रामेश्वर मंदिरही चुकवू नका, जांभा कापून केलेल्या वाटेने खाली उतरायचं, आत शिरेपर्यंत देऊळ दिसतच नाही.

मालवणी_माहेर:
मालवणला जाणार असाल तर सकाळी लवकर पोचा, दुपारी वारा वाढला की होडीत बसल्यावर भिजायला होतं (तुम्हाला काय म्हणा, सवय झालेली असेल). सिंधुदुर्गात शिवराजेश्वराचं मंदिर आहेच, पण दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव आवर्जून बघा, चहूकडे खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी. आणि ओळखपत्र जवळ ठेवा, किनाऱ्यावर बोट नवी दिसली की विचारपूस होते.

कोथरूडकरीण:
वाचून रत्नागिरी आणि वेंगुर्ला दोन्ही रद्द केलं. आता पहिला दिवस किल्ला आणि धुळपांचा वाडा, दुसरा गोदी आणि रामेश्वर, तिसरा मालवण. भावाला गोदीचं सांगितलं तर म्हणाला, बघून ये, आणि येताना गावात शिडाला चालेल असा जाड दोरा मिळाला तर घेऊन ये, इतिहास नंतर सांग.