नायलॉन मांजा: संक्रांतीआधी वस्तीने मिळून नेमकं काय करायचं?

प्रश्न (वस्ती_समिती, नागपूर)
आमच्याकडे चार अपार्टमेंट, एक शाळा आणि शेजारीच उतरणारा उड्डाणपूल. १४ जानेवारीच्या आसपास दुचाकीवाल्यांचे गळे कापू नयेत, पोरं गच्चीवरून पडू नयेत, म्हणून यंदा सगळ्या सोसायट्या मिळून काम करणार आहोत. हाताशी तीन आठवडे, वीसेक माणसं, थोडी वर्गणी. नुसते फलक लावून काही होत नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर १ (सद्दी_आणि_चक्री)
पोरांच्या चक्रीपासून, म्हणजे मांजा गुंडाळलेल्या फिरकीपासून. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली. काच लावलेला सुती मांजाही त्यात चालत नाही, फक्त साधा सुती धागा, म्हणजे सद्दी, चालतो. अडचण अशी की घरात आलेला धागा कसला, हे आईबापांना ओळखता येत नाही. पालकसभेत करून दाखवा: वीतभर तुकडा चिमट्यात धरून काडी लावायची. सुती धागा कागदासारखा जळतो, राख चुरगळते. नायलॉन वितळून आखडतो, टोकाला कडक मणी उरतो. हाताने ताणून बघू नका, बोट कापतं.

नायलॉन निघाला तर चक्री जमा करा आणि तिथल्या तिथे सद्दीची रीळ द्या. वर्गणी यावरच खर्च करा. नुसती हिसकावली की पोरं लपवून उडवतात. विकणारा सापडला तर वस्तीने भांडायला जाऊ नये, ११२ वर कळवावं.

उत्तर २ (गॅरेज_कट्टा)
दुचाकीला तारेची कमान लावा. अहमदाबाद, सुरतकडे उत्तरायणात सर्रास लावतात. जाड स्टीलची तार उलट्या यू आकारात वाकवून दोन्ही टोकं आरशांच्या नटांत घट्ट बसवायची. बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा कमान वीतभर उंच हवी. तार बारीक घेतली तर मांजाच्या ताणाने मागे वाकते, धागा वरून घसरून थेट गळ्यावर येतो. कमान असून नसल्यासारखी. एका दिवशी मेकॅनिक बोलवा, चारही अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये बसवून घ्या.

शिवाय गळ्याला जाड मफलरचे दोन वेढे, हेल्मेटचा पट्टा लावलेला, वेग कमी. आणि स्कूटरवर लेकराला पुढे उभं करणं त्या आठवड्यात पूर्ण बंद! धागा आधी त्याच्याच गळ्याशी येतो.

उत्तर ३ (प्रथमोपचार_गट)
गळा कापला तर स्वच्छ कापड जखमेवर थेट दाबून धरा. भिजलं तरी काढू नका, त्यावरच दुसरं ठेवा. गळ्याभोवती काहीही आवळून बांधू नका. १०८ ला फोन करा. पुलाच्या उताराशी दोन माणसं कापडाच्या घड्या घेऊन उभी ठेवा. पूल त्या दिवशी दुचाकींना बंद ठेवावा, असा अर्ज वाहतूक शाखेला आत्ताच द्या. ऐनवेळी बंदोबस्त मिळत नाही.

खरी जोखीम १५ तारखेपासून. सुती धागा ऊनपावसात कुजून तुटतो, नायलॉन झाड ते खांब असा तसाच ताणलेला राहतो. पहाटेच्या उजेडात दिसतही नाही. आठवडाभर रोज सकाळी फेरी काढा: कोरड्या बांबूला आकडी, हातात चामडी मोजे. विजेच्या तारांवरचा धागा मात्र ओढायचा नाही, महावितरणला १९१२ वर सांगा. गोळा केलेला धागा बाटलीत कोंबून, झाकण लावून सुक्या कचऱ्यात द्या. मोकळा टाकला तर सफाई कामगाराचे हात कापतात, गाईच्या पोटात जातो.

वस्ती_समिती
उपयोगी! गच्च्यांना सरळ कुलूप लावावं का?

सद्दी_आणि_चक्री
नको, मग पोरं रस्त्यावर येतात आणि वर बघत गाड्यांसमोर धावतात. शाळेचं मैदान दिवसभर उघडं ठेवायला सांगा. गच्चीवर कठड्यापासून चार फुटांवर चुन्याची रेघ मारा आणि दर तासाला एक मोठं माणूस बदलीवर ठेवा. टाकीवर, जिन्याच्या स्लॅबवर कुणी चढलं की त्याचा पतंग खाली. सकाळी आठपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर उडवणं बंद, तेव्हा पाखरांचे थवे ये-जा करतात.